उजेड मागणाऱ्या सभासदास चार समजुतीच्या गोष्टी

आमच्या पुनर्विकासाच्या सभेत परवा नकाशे दाखवण्यात आले. स्वयंपाकघराची खिडकी अरुंद डक्टमध्ये, म्हणजे भिंतींमधल्या बोळकांडीत, उघडते, मग उजेड कुठून येणार, असे विचारल्यावर सल्लागार महाशय हसून म्हणाले, "काका, लाइट चोवीस तास आहे." सभागृहात टाळ्या पडल्या. ज्यांच्या सोसायटीत अशी सभा अजून व्हायची आहे, त्यांनी पुढील पथ्ये पाळावीत.

कार्पेट (घरातली वापराची जागा) किती आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, यापलीकडे काही विचारू नये.

नकाशा मागू नये. सॅम्पल फ्लॅटमधले झुंबर पाहावे.

इतिहास तर मुळीच काढू नये. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढे अधिकाऱ्यांनी अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावे म्हणून छपरांची कौले उतरवली, असले अभद्र विषय शुभकार्यात कशाला? प्लेग पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे कौले उतरवून तो हटला नाही, हे खरेच. पण क्षयाच्या बाबतीत तोच उपाय बराचसा बरोबर ठरतो, कारण कोंदट खोलीत खोकल्यातून उडालेले जंतू हवेत तरंगत राहतात, तर वारा त्यांना पांगवतो आणि ऊन त्यांना मारते. प्लेगनंतर शहराची सुधारणा करण्यासाठी 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला हवा-उजेडाचे महत्त्व पटले होते. ट्रस्ट काही संत नव्हता. त्याने पाडलेल्या घरांतल्या अनेक गरिबांना नव्या चाळींचे भाडे परवडले नाही आणि ते शेजारच्या वस्त्यांत दाटीवाटीने जाऊन राहिले. तरीही त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हट्ट धरला: समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी येणारी रेषा त्याहून चढी नसावी, म्हणजे 20 मीटर उंचीसमोर सुमारे 10 मीटर जागा मोकळी राहावी. परक्या राजवटीतल्या त्या साहेबाने शंभर वर्षांपूर्वी काढलेला हा साधा हिशेब आम्ही स्वतंत्र देशात, प्रकल्पग्रस्तांसाठी सरकारी योजनेतून इमारती उभारताना, मोडीत काढला. मुंबईतल्या गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम 3 मीटरवर उभ्या आहेत. तिथल्या खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि 2018 साली समोर आलेल्या अभ्यासाने तिथल्या क्षयाचा संबंध इमारतींच्या याच रचनेशी जोडला. झोपडीतून काढून पक्क्या घरात नेले, असे म्हणून ज्यांनी फिती कापल्या, त्यांच्यापैकी एकाने तरी तळमजल्यावर एक पावसाळा काढून दाखवावा!

खोकला आल्यास एसी लावावा.

आणि टाळ्या वाजवाव्यात, म्हणजे विचारणारा आपोआप खाली बसतो.

पण टाळ्या वाजवणाऱ्यांनो, वाजवता कसल्या? विकासक बाहेरच्यांना विकणार त्या इमारतीला तिन्ही बाजूंनी आकाश, आणि ज्यांच्या जमिनीवर ती उभी राहणार त्या तुमच्या वाट्याला डक्ट, हे नकाशात ढळढळीत दिसत असताना तुम्ही बांधकाम होईपर्यंत मिळणाऱ्या वाढीव भाड्याचा आकडा मोजत बसलात. त्या खोलीत तुमची नातवंडे अभ्यास करणार आहेत, तुमची म्हातारी आई दिवसभर पडून राहणार आहे. सर्वांत खालच्या मजल्यावर दुपारी बारा वाजता दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल, हे विकासकाकडून करारनाम्यात लेखी घ्या; तोवर सही करू नका. आणि पुढच्या सभेत सल्लागार पुन्हा हसला, तर या वेळी त्याला खाली बसवा.