उद्याचं तिकीट मी विकणार नाही

आज, 18 ऑक्टोबर 2024. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी मोबाइल बघितला आणि दिवसाची चवच गेली. उद्याच्या डर्बीसाठी, म्हणजे याच शहरातल्या ईस्ट बेंगाल आणि मोहन बागान या दोन फुटबॉल क्लबच्या सामन्यासाठी, आम्ही सात जणांनी तिकिटं काढली होती. सगळे आपलेच, विटा-आटपाडीकडचे, इथं कोलकात्यात बऊबाजारात गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायची, दुकानं असलेले. त्यातल्या चौघांनी ग्रुपवर एकापाठोपाठ एक लिहिलं की आम्ही येत नाही. माझ्या चुलतभावानं तर तिकीट विकायलाही काढलं. खाली लिहिलं, "हरायलाच जायचं असंल तर घरी बसून हरू की."

दिवसभर सोनं गाळताना हेच वाक्य डोक्यात. आता रात्रीचे दहा वाजलेत, दुकानाचं शटर ओढून आत बसून लिहितोय. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथं लिहितोय. भाऊ हे वाचणार आहे, मला माहीत आहे.

आपल्या ईस्ट बेंगालची अवस्था मला कुणी सांगायची गरज नाही. आयएसएलमध्ये, म्हणजे देशाच्या वरच्या लीगमध्ये, 4 सामने, 4 हार, शून्य गुण, तक्त्यात तळाला. त्याआधी ऑगस्टमध्ये तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून घरच्या मैदानावर 3-2 हरलो, मग ड्युरांड कपमध्ये शिलाँग लाजोंगनं बाहेर काढलं. गोव्याविरुद्ध तर बोर्हा हेरेरानं तीन गोल घातले, जो गेल्या वर्षी आमचीच जर्सी घालून खेळत होता. तो तिसरा गोल झाला तेव्हा मी स्टेडियमातच होतो. सप्टेंबर संपता संपता कुआद्रात प्रशिक्षकपद सोडून गेले. आयएसएलमधल्या डर्बींचा हिशेब काढला तर 8 सामने, 7 हार, 1 बरोबरी. एकही विजय नाही. समोरचे मोहन बागानवाले गेल्या हंगामात लीग शिल्ड, म्हणजे लीगमधला पहिला नंबर, जिंकलेले. हे सगळं मला पाठ आहे. भावा, तुझ्याइतकंच पाठ आहे.

म्हणून काय तिकीट विकायचं?

25 ऑक्टोबर 2009. मी अकरावीत होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि आईनं उरलेल्या चकल्या वर्तमानपत्रात बांधून आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात दिल्या होत्या. सॉल्ट लेक स्टेडियमची ती माझी पहिली डर्बी. इतकी माणसं मी त्याआधी एका जागी बघितली नव्हती, आषाढीला पंढरपुरात सोडून. त्या दिवशी आम्ही 5-3 हरलो. मोहन बागानच्या चिडीनं एकट्यानं चार गोल घातले. शेवटी शेवटी आमच्या बाजूची माणसं उठून जिन्याकडं निघाली. मी आबांची बाही ओढली, म्हटलं चला ना आता. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "बस खाली. अजून शिट्टी झाल्याली न्हाय." आणि माझ्या हातात एक चकली ठेवली.

ती चकली मला गिळवत नव्हती, हे अजून आठवतंय.

आता जे लोक मला विचारतात ना, "तू मराठी माणूस, तुला काय पडलंय बंगाल्यांच्या क्लबचं?" त्यांच्यासाठी थोडं लिहितो. गावाकडचे विचारतात, इथले काही जणही विचारतात. आबा 1973 साली इथं आले, 72 च्या दुष्काळानंतर. सतरा वर्षांचं पोर. खानापूर तालुक्यात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. आपल्या भागातली किती घरं अशी देशभर पांगली, ते तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या प्रत्येकाच्या घरात हीच गोष्ट आहे. आबांच्या शेजारच्या गाळ्यात एक म्हातारे कारागीर होते, 1950 च्या दंग्यांनंतर पूर्व बंगालातल्या बरिशालहून निघून आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तोमार देश कोथाय?" बंगालीत देश म्हणजे आपलं गाव, आपली मूळ जागा. आबांना तेव्हा बंगाली येत नव्हतं, पण देश हा शब्द कळला. म्हणाले, "देश म्हंजे विटा." आपण तरी काय म्हणतो, देशावरचा माणूस असंच म्हणतो ना. म्हातारे हसले आणि म्हणाले, माझा देश आता दुसऱ्या देशात गेला.

त्या म्हाताऱ्यांनी आबांना ईस्ट बेंगाल दाखवलं. 1920 साली जोडाबागाननं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोसना वगळलं, त्याचा राग येऊन सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि हा क्लब निघाला. पुढं फाळणी झाली, पूर्व बंगालातून लाखो माणसं घरदार टाकून इकडं आली आणि त्यांना या शहरात आपलं म्हणावं असं जे थोडं सापडलं, त्यात हा लाल-हलुद, म्हणजे लाल-पिवळा, झेंडा होता. घर गेलेल्या माणसांचा क्लब आहे हा. विट्याहून आलेल्या पोराला तो आपला वाटला, यात नवल काय आहे? 30 सप्टेंबर 1975 ला आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगालनं मोहन बागानला 5-0 हरवलं, ते आबांनी त्याच गाळ्यात ट्रान्झिस्टरवर ऐकलं. श्याम थापांचे त्यात दोन गोल. म्हातारे रडले होते म्हणे. आबा माळकरी, मासा कधी शिवला नाही, पण त्या रात्री म्हाताऱ्यांनी आणलेल्या इलिशच्या पिशवीला हात लावून नमस्कार केला. हे आबा स्वतः सांगतात.

आणि अरे, आपल्याकडं काय वेगळं आहे? माझं आजोळ कोल्हापूरचं. मामा पाटाकडील तालमीचे, तिथं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील आणि दिलबहार आमनेसामने आले की शाहू स्टेडियमच्या बाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. यंदा संघ कच्चा आहे म्हणून मामानं दुसऱ्या तालमीचा झेंडा धरलेला मी कधी ऐकला नाही. त्याला कुणी तसं सुचवलं तर तो भांडणारही नाही, त्याला ते समजणारच नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2022 च्या हंगामात ईस्ट बेंगालकडून खेळला, तेव्हा आपल्या याच ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी लाल-पिवळे बदाम टाकले होते. तेव्हा आपण कितव्या नंबरावर होतो? नवव्या. त्याच्या आदल्या वर्षी? अकरावे, म्हणजे शेवटचे. तेव्हा क्लब आपला होता आणि आज हरायला कशाला जायचं?

राग येतो मला. लिहिताना हात थरथरतोय.

हो, एक कबूल करतो. क्लबचा कारभार धड नाही. 2018 पासून क्वेस, मग श्री सिमेंट, मग इमामी, गुंतवणूकदार बदलत राहिले आणि दर वेळी संघ पहिल्यापासून बांधायचा. हेही कबूल की तिकिटाचे पैसे कष्टाचे असतात. पण भावानं पैशाचं कारण दिलंच नव्हतं. त्यानं हरण्याचं कारण दिलं होतं.

2009 कडं परत येतो. सामना संपल्यावर आम्ही स्टेडियमपासून बऊबाजारपर्यंत चालत आलो. बसला लटकायलाही जागा नव्हती. रस्ताभर मोहन बागानच्या हिरव्या-मरून झेंड्यांचे ट्रक, ढोल, शिट्ट्या. माझ्या गळ्यात लाल-पिवळा मफलर होता, तो मी हळूच काढून शर्टाच्या आत घातला. आबांना दिसलं. काही बोलले नाहीत. थोडं पुढं गेल्यावर माझ्या शर्टातून त्यांनी तो बाहेर ओढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. सियालदहच्या पुलापर्यंत तसेच चालत आले. ट्रकमधून लोक ओरडत होते, आबा त्यांना हात दाखवत होते. दुसऱ्या दिवशी समोरचे घोटी, म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे, मोहन बागानवाले दुकानदार संदेशचा डबा घेऊन आमच्या दारात हजर. आबांनी दोन संदेश खाल्ले, एक मला दिला आणि म्हणाले, "चांगलं खेळलं तुमची पोरं." डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आईनं त्यात उरलेला चिवडा भरून पाठवला.

या वैरात द्वेष नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दोन महिन्यांपूर्वीचं तर आपण सगळ्यांनी बघितलं. 18 ऑगस्टची ड्युरांडची डर्बी रद्द झाली, आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून मारलेल्या त्या डॉक्टर मुलीसाठी शहर रस्त्यावर उतरलं होतं म्हणून. सामना नाही, तिकीट नाही, तरी लाल-पिवळ्या आणि हिरव्या-मरून जर्सीतली पोरं त्याच स्टेडियमबाहेर एकत्र उभी राहिली. शहरातल्या तिसऱ्या क्लबचे, मोहमेडनवालेही आले. लाठ्याही एकत्र खाल्ल्या. त्या दिवशी कुणी विचारलं नाही की आपण जिंकणार आहोत का. हे लिहिताना माझा घसा दाटून येतोय, म्हणून इथंच थांबतो.

आणि पुतण्याबद्दल. त्याच चुलतभावाचा मुलगा, चौदा वर्षांचा. संध्याकाळी दुकानात आला आणि मला म्हणाला, "काका, वर्गात सगळे चिडवतात. मी यंदा कुणाचाच नाही." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्यानं लीगमधली डर्बी जिंकलेली शेवटची कधी पाहिली? 27 जानेवारी 2019, आयलीगमध्ये. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा. मग करोनात सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियमात. मोबाइलवर बघत होता बिचारा. 2022 च्या जानेवारीत कियान नासिरीनं आपल्याविरुद्ध तीन गोल केले, आणि त्याचे वडील जमशिद नासिरी हे ईस्ट बेंगालचे एके काळचे लाडके. पोरगं तेव्हा मला विचारत होतं, काका, तो आपल्याकडून का नाही खेळला? काय सांगणार होतो मी?

पण त्याला मी हेही सांगितलं की 12 ऑगस्ट 2023 ला ड्युरांडच्या डर्बीत तू माझ्या शेजारी होतास. नंदकुमारनं डाव्या पायानं बॉल वळवला, एक-शून्य, साडेचार वर्षांनी डर्बी जिंकलो आणि तू माझ्या गळ्यात पडलास. हां, मान्य, तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात त्यांनीच आपल्याला हरवलं. पण जानेवारीत सुपर कपमध्ये 3-1 नं मोहन बागानला हरवलं आणि मग भुवनेश्वरला ओडिशाविरुद्ध क्लेटननं जादा वेळेत गोल केला, 12 वर्षांनी देशपातळीवरचा चषक आला. नऊच महिने झाले त्याला. त्या रात्री तुझ्या बापानं अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली होती. जिलेबी वाटायला पुढं आणि आज तिकीट विकायला पण पुढं?

पोरगं काही बोललं नाही. जाताना भिंतीवरच्या क्लबच्या मशालीच्या झेंड्याकडं बघत गेलं.

2009 ची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, मलाही फार उशिरा कळली. त्या डर्बीच्या आठवड्यात आबांचं एक गिऱ्हाईक सोनं घेऊन पळालं होतं. उधारीवर दिलेलं सोनं, आबांचं नव्हे, दुसऱ्या व्यापाऱ्याचं. ते भरून द्यायला गावाकडची दोन एकर विकावी लागली. आजी म्हणाली होती, गाशा गुंडाळा आणि परत या. चुलतेही म्हणाले होते. आईला त्या दिवशी सगळं माहीत होतं आणि तरी तिनं चकल्या बांधून दिल्या. मी बाही ओढून चला म्हणत होतो तेव्हा त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी आता करतो. तेव्हा मला फक्त गोल दिसत होते.

आबा आता गावाकडं असतात. अडुसष्ट वर्षांचे, गुडघे गेलेत. डर्बीच्या आदल्या रात्री त्यांचा फोन येतो, तसा आजही आला. ऑस्कर ब्रुझोन नावाचा नवा कोच नेमलाय म्हणं, बरा हाय का? अन्वर अलीला उद्या मोहन बागानची लोकं लय शिव्या देतील, पोरगं तिकडनं आलंय, जपलं पाहिजे. मी हो हो म्हणत होतो. मग त्यांनी विचारलं, "किती जण निघालाय?"

मी सात सांगितलं.

तर भावा, तू विकायला काढलेलं तिकीट मीच घेतलंय. त्या मुंगेरवाल्या पोराच्या नावानं तुला पैसे आले ते माझेच होते. बाकी तिघांचीही तिकिटं मी सोडवून घेतली आहेत. सामना साडेसातला. उद्या शनिवार आहे, भट्टी चारला बंद कर. साडेपाचला मी सियालदह मेट्रोच्या दारात उभा असेन. पोराला घेऊन ये, त्याचंही बघितलंय. घरातून निघताना वहिनींना सांग, काहीतरी खायला बांधून द्या.