तोच आहे हो, फक्त पॅकिंग बदललंय

"तोच आहे हो. फक्त पॅकिंग बदललंय." शेठनी हे मान वर न करता सांगितलं आणि पुढे जोडलं, "तुमच्याकडे पाणी जड असेल." म्हणजे दोष कंपनीचा नाही, दुकानाचा तर नाहीच. असलाच तर नगरपालिकेचा, नाहीतर माझ्या कातडीचा. नेहमीची वस्तू पूर्वीसारखी राहिली नाही, ही तक्रार घेऊन मी काउंटरवर श्रीखंडाचा रिकामा डबा उघडून ठेवला होता. आत साबण होता. निदान मी पैसे तरी साबणाचेच मोजले होते.

महिना काढणारी वडी हल्ली पंधरवडा गाठत नाही. साबणदाणीत खाली लगदा, वर एक पापुद्रा आणि मध्ये कंपनीचं नाव तेवढं शाबूत. वास पहिल्या दिवशी न्हाणीघराबाहेर येतो, चौथ्या दिवशी हुंगून शोधावा लागतो. आणि जुन्या वडीचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवण्याची जी आपली पिढीजात विद्या आहे, तिलाही ही वडी दाद देत नाही. रात्री दाबून चिकटवलेला तुकडा सकाळी सुटून मोरीच्या जाळीवर सापडतो.

"आम्रखंड का?" मागून आवाज आला.

बंडी, पायजमा, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा उचलून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. रांगेतल्या एका मावशींनी पदर तोंडाला लावला.

"साबण आहे, काका," मी म्हटलं.

"नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. "होता."

मग त्यांनी डबा खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "जुना माल माझ्याकडे आहे."

"किती?"

"बासष्ट."

शेठनी पहिल्यांदा मान वर केली.

काकांना म्हणे रॅपरचा निळा रंग एक छटा फिका दिसला, तेव्हाच संशय आला. त्यांनी त्या संध्याकाळी पाच दुकानं पालथी घातली आणि मागच्या फळीवरच्या सगळ्या वड्या उचलल्या. "दोघं जण, एक वडी, अठरा दिवस. वर्षाला वीस. बासष्ट म्हणजे तीन वर्षं, वर दोन उरतात. त्या दोन नरक चतुर्दशीला."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांना हा." त्यांनी माझ्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तीन वर्षांनी काय करणार?"

"तीन वर्षांनी मी एक्क्याऐंशीचा. तेव्हा बघू कोण आधी संपतंय."

मी विचारलं, "काका, एखादी वडी मला द्याल का? पैसे देतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. "आज साबण मागताय, उद्या पेन्शन मागाल." मग जरा विरघळले. "बघायला या हवं तर. रविवारी, अकराच्या आत. हात लावायचा नाही."

वड्या ट्रंकेत होत्या. ट्रंकेत पूर्वी काकूंचे शालू होते, ते आता दिवाणात. "काकू काही बोलत नाहीत?" मावशींनी मागून विचारलं. "बोलते ना. पण बोलून झालं की त्याच साबणाने तोंड धुते," काका म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून वही काढली. खरंच वही होती. प्रत्येक वडीचा बॅच नंबर, घेतल्याची तारीख आणि दर महिन्याचं वजन. वजनकाटा त्यांनी सोनाराकडून जुना विकत आणलेला. "ही बघा. आणली तेव्हा शंभर, आता चौऱ्याण्णव. सहा ग्रॅम कुठे गेले? मी तर वापरली नाही. हिनेही शपथ घेतलीय."

आता इथे काकांना सांगायला हवं होतं आणि मी सांगितलंही, की हे सहा ग्रॅम चोरीला गेलेले नाहीत, ते पाणी उडालंय. साबणाच्या वडीत मुळातच पाणी असतं आणि ते रॅपरमधूनही हळूहळू जातं. म्हणून कायद्यानेच साबणाच्या वेष्टनावर 'पॅक करतेवेळचं वजन' असं लिहायची मुभा दिलेली आहे. शिवाय यात नुकसान नाही, फायदाच आहे. वाळलेली वडी घट्ट होते आणि हाताला कमी झिजते. आपल्या आज्या साबण आणल्याबरोबर रॅपर काढून फळीवर उभे करून ठेवत, ते उगाच नाही. फक्त वास उडतो. शालूंना लागतो तो हाच.

"म्हणजे हिच्या शालूंना माझ्या साबणाचा वास?" काका म्हणाले. "म्हणजे नुकसान माझं."

मी त्यांना आणखी एक भीती घातली, ती मात्र खरी. साठवलेल्या साबणावर कधी कधी नारिंगी-तपकिरी ठिपके पडतात. तेलातली असंतृप्त स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) हवेने खवट होतात, त्यात लोखंडाचा-तांब्याचा अंश असला की वेग वाढतो. म्हणून कारखान्यात ईडीटीए नावाचा पदार्थ घालतात, तो हे धातू बांधून ठेवतो. ट्रंक दमट भिंतीला टेकवू नका, लोखंडी पत्र्याला वडी उघडी लागू देऊ नका, आणि ज्या वडीवर ठिपका दिसेल ती आधी वापरा. काकांचा चेहरा उतरला. ते मेथी तिथेच विसरून ट्रंक बघायला घरी गेले.

शेठ म्हणाले, "बघा, तुमच्यामुळे गिऱ्हाईक गेलं."

तर 'तोच आहे' म्हणजे काय, ते रॅपरच्या पाठीवर, शिवणीखाली, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे 'टॉयलेट सोप' आहे की 'बाथिंग बार', हे आधी वाचा. भारतीय मानकात या दोन वेगळ्या जाती आहेत. टॉयलेट सोपचं मानक आयएस 2888. त्यात एकूण स्निग्धाम्लं, म्हणजे टीएफएम, साबणातला खरा ऐवज, पहिल्या ग्रेडला किमान 76 टक्के, दुसऱ्याला 70, तिसऱ्याला 60. बाथिंग बारचं मानक आयएस 13498, आणि तिथे किमान 40 टक्क्यांवर भागतं. उरलेल्या जागेत पाणी, टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी), मीठ, ग्लिसरीन, स्टार्च, कंपनीला जे परवडेल ते. नाव तेच, चित्रातली हसरी बाई तीच, वास तोच आणला की एका जातीतून दुसऱ्या जातीत उतरता येतं. यात बेकायदा काही नाही. पाठीवर लिहिलंय ना! वाचलं नाहीत ही तुमची चूक.

घटकांची यादीही वाचण्यासारखी असते, कारण ती जास्तीपासून कमीकडे लिहितात. सोडियम पाल्मेट पहिलं, सोडियम पाम कर्नेलेट दुसरं, मग पाणी, हा जुना धडा. टाल्क पुढच्या बाकावर येऊन बसलं असेल, तर लगदा कुठून येतो ते कळलं.

बाथिंग बारची बाजू पण सांगतो, नाहीतर शेठ म्हणतील आकस आहे. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. खरा साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा चोथा करतो. बादलीच्या कडेला बसणारं करडं कडं ते हेच. काही बारमध्ये साबणाऐवजी, किंवा साबणाबरोबर, सौम्य डिटर्जंट असतं. ते जड पाण्यातही फेसाळतं, आणि ज्यांची कातडी कोरडी किंवा चिडखोर आहे त्यांना खऱ्या साबणाच्या नऊ-दहा पीएचपेक्षा, म्हणजे क्षारपणापेक्षा, ते बरं पडतं. पण असा बार महाग असतो आणि तसं ठळक सांगून विकतात. चोरून जो येतो तो हा नव्हे.

हिशेब करून बघा. पहिल्या ग्रेडची 100 ग्रॅमची वडी 38 रुपयांना धरा. त्यात स्निग्धाम्लं 76 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 50 पैसे. तिसऱ्या ग्रेडची 75 ग्रॅमची 30 रुपयांना. आत 45 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 67 पैसे. आणि हातात घेतल्यावर आकार जवळपास सारखाच, कारण नवी वडी पाठीपोटी खोलगट केलेली असते. 'हाताला छान बसते' असं जाहिरातीत म्हणतात. बसतेच. तिथे साबणच नाही तर काय होणार?

पूर्वी ठरावीक वजनाचीच पाकिटं काढायची असा नियम होता. तो 2022 मध्ये गेला आणि त्याऐवजी एका ग्रॅमचा दर छापायची सक्ती आली. दर छापतातच. मात्र तो वाचायला काकांच्या सोनाराचं भिंग लागतं. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने जवळपास महिनाभर पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा साबणवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याकडचा साबण बराचसा त्याच तेलावर उभा आहे, त्यामुळे महागाईची तक्रार मला समजते. तेल महाग झालं तर दोन रुपये वाढवा. लोक कुरकुरतील आणि देतील. सप्टेंबर 2025 पासून साबणावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. पण टक्केवारी उतरली म्हणून वडीतली स्निग्धाम्लं परत आलेली नाहीत. ग्रेड एकदा खाली गेला की वर येत नाही.

मालक बदलण्याचं तर विचारूच नका. मोती, हमाम आणि कपड्यांचा 501 बार ही तिन्ही टाटा ऑइल मिल्सची. 1993 मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. आमच्यातली निम्मी माणसं अजून 'टाटांचा साबण' म्हणून मागतात आणि दुकानदार न हसता देतो.

साबणापर्यंत हे हसण्यावारी नेता येतं. औषधाच्या दुकानात तेच वाक्य ऐकू आलं की मला राग येतो. "तीच आहे, कंपनी फक्त वेगळी." थायरॉईडची गोळी, फिट्सची, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, इथे मात्रेत थोडा फरक पडला तरी शरीर हिशेब मागतं. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या जागी दुकानदाराने परस्पर दुसरं द्यायचं नाही, असं औषध नियमावलीतला नियम 65 सांगतो. पण काउंटरवर नियम कोण वाचून दाखवतो? थायरॉईडची गोळी खरंच मिळेनाशी झाली तर डॉक्टरांना कळवून बदला, मायक्रोग्रॅमचा आकडा जुन्या बाटलीशी ताडून बघा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. मधल्या काळात रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून चार तास लांब, हे पाळलं नाही तर बिघाड गोळीचा की चहाचा हेही कळायचं नाही.

सर्दीतापाच्या मिश्र गोळ्यांचं असंच झालं. यकृताच्या काळजीने 2011 मध्ये ठरलं की मिश्र गोळीत पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅमच्या वर नको. निर्णय योग्यच. पण पाकीट तेच. पूर्वीच्या 500च्या सवयीचा माणूस म्हणतो, हल्ली एका गोळीने ताप उतरत नाही, आणि दोन घेतो. पॅरासिटामॉल 650 झालं ते एक वेळ पचेल, पण त्याबरोबर नाक मोकळं करणारं औषधही दुप्पट गेलं, आणि घरात रक्तदाब असलेलं कोणी असेल तर रात्र बसून काढावी लागते. ताप राहिला तर साधी पॅरासिटामॉल घ्या, पण मिश्र गोळीतलं मोजून, वेळेचं अंतर ठेवून. आकडे पाकिटाच्या पाठीवर आहेत. तिथेच, शिवणीखाली.

तेव्हा घरातली जी वस्तू तुम्हाला मानवते तिचं एक रॅपर जपून ठेवा. तेच पुरावा. त्यावरची जात, ग्रेड, घटकांचा क्रम, वजन नव्याशी ताडता येतं. संशय आला तर दोन्ही वड्यांचे सारख्या वजनाचे तुकडे धाग्याने कापा, सुरीने कापले तर चुरा पडतो. एकाच भांड्यातल्या पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी लगदा बोटाने निपटून दोन दिवस वाळवा आणि पुन्हा वजन करा. ज्याचं जास्त गेलं तो साबण लवकर विरघळणारा. वापरताना जाळीची साबणदाणी घ्या, बंद डबी नको. शॉवरच्या धारेखाली ठेवू नका.

नव्याकोऱ्या वडीचं वजन छापल्यापेक्षा कमी भरलं, तर वैधमापनशास्त्र खात्याकडे तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवता येते. वास बदलला, फेस बदलला, वडी विरघळते, यासाठी कुठलंही खातं नाही. कंपनीच्या ताईंशी फोनवर बोललो. त्या फार गोड बोलल्या. माझ्या भावनांची त्यांना कदर होती, मत पुढे कळवलं जाणार होतं, आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी म्हणून मला एक कूपन पाठवण्यात येत होतं. त्याच साबणाच्या तीन वड्यांवर चौथी मोफत.