नाव विचारलं म्हणून अंगावर जाऊ नका

आज दुपारी मिरजेत काकूंना बघायला दवाखान्यात गेले होते. शेजारच्या कॉटपाशी सिस्टर ट्रे घेऊन आली. "आजी, पूर्ण नाव सांगा." त्यांचा मुलगा तिच्यावर असा खेकसला! "सकाळपासून चारदा विचारलंय. फाईल वाचता येत नाही का?" ती पोरगी गप्प झाली आणि पुढं काही न विचारता इंजेक्शन देऊन गेली. माझ्या पोटात गोळा आला. एसटीत बसल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

२०१४ साली आई सांगलीत न्यूमोनियानं ॲडमिट होती. आपल्याकडं कुठल्याही वॉर्डात दोन-तीन पाटील असतातच, तिथंही होते. रात्री जेवणाआधी सिस्टर आली, "पाटील ना?" म्हणाली, आईनं मान हलवली. शेजारच्या पाटील आजींचं इन्सुलिन आईच्या दंडात गेलं. आईला शुगर नाही, आणि त्या दिवशी तिनं दोन घास पण खाल्ले नव्हते. तासाभरात गाऊन घामानं चिंब, हात थरथर कापायला लागले, मला 'अक्का' म्हणायला लागली. मी म्हटलं, ताप उतरतोय. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हे तापाचं नव्हं. सिस्टरला बोलवा." शुगर बघितली तर ३८! शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा कुठं तिनं मला ओळखलं.

सकाळी राउंडला डॉक्टर काय म्हणाले? "अशक्तपणानं होतं असं." फाईलमध्ये इन्सुलिनची एक ओळ नाही. लाज कशी वाटत नाही हो? माणूस चुकतो, समजू शकते. पण चूक झाली हे पेशंटच्या पोरीला सांगायचं नाही, कागदावर लिहायचं नाही, म्हणजे पुढच्या पाटीलबाईंच्या बाबतीत पुन्हा तेच व्हायची सोय करून ठेवायची!

आणि आमच्याच नशिबाला आलं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, उपचार घेताना साधारण दहातल्या एका पेशंटला इजा होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. त्यांनीच २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. त्यातला पहिलाच मुद्दा नावाचा. भूल द्यायच्या आधी पेशंटकडून त्याचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, हे वदवून घ्यायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या दवाखान्यांत ही यादी वापरून बघितली, तर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. आणि आपण नाव विचारलं की अंगावर जातो!

मान्य आहे, एकेका सिस्टरच्या वाट्याला तीस-चाळीस पेशंट असतात, डबल ड्युट्या असतात. डॉक्टरांना मारहाण होते, त्यासाठी महाराष्ट्रात २०१० ला कायदा करावा लागला, तेही मान्य. काचा फुटणार या भीतीनं खरं बोलायला जीभ रेटत नसेल. पण मग आम्ही विश्वास ठेवायचा कशावर?

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला इथं दवाखाना उघडला, तेव्हापासून पार कर्नाटकातनं माणसं येतात. कुणी जमीन गहाण टाकून येतं, कुणी डाग मोडून. त्यांना औषध देताना फक्त 'पाटील ना?' विचारून भागत नाही. त्यांच्या तोंडून पूर्ण नाव येऊ दे, हातावरच्या नावाच्या पट्टीशी जुळू दे, मगच सुई. अर्धं मिनिट लागतं. आणि आपण नातेवाइकांनी तेवढं अर्धं मिनिट तोंड बंद ठेवावं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. इन्सुलिनचं मला डॉक्टरांनी नाही, त्या सिस्टरनंच सांगितलं. पहाटे सहाला, जिन्यात. विशीतली पोर असेल. रात्रभर ती दर अर्ध्या तासाला आईच्या बोटाला सुई टोचून शुगर बघत होती, आणि ते सगळे आकडे तिनं निळ्या पेनानं तळहातावर लिहिले होते, फाईलमध्ये लिहू दिले नाहीत म्हणून. तळहात माझ्यापुढं धरून म्हणाली, "ताई, माझ्याकडनं चुकलं. दुसऱ्या पाटलांचं इंजेक्शन होतं." मी तिला नाही नाही ते बोलले. अख्खा वॉर्ड ऐकत होता. त्या दवाखान्यात खरं बोललेलं एकच माणूस होतं, आणि मी त्यालाच धरून झोडपलं.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर नव्हती. डिस्चार्जपर्यंत दिसलीच नाही. आई अजून मधेच विचारते, "त्या पोरीचं काय झालं गं?"