समेवर कुर्ला

सव्वाआठची फास्ट, डोंबिवली. एक पाय जमिनीवर, दुसरा कुणाच्या तरी बुटावर आणि कानात इअरफोनवर तोडी राग. शास्त्राप्रमाणे तोडी दुसऱ्या प्रहराची, म्हणजे नऊनंतरची. त्यामुळे गाडी लेट झाली की अख्ख्या डब्यात मी एकटाच खूश असतो.

ठाण्याला चौथी सीट मिळते. अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत. खरा घोळ इथून सुरू होतो. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच, पण अतिविलंबितात एक आवर्तन, म्हणजे त्या बारांची एक फेरी, पाऊण मिनिट सहज खातं. गायक आलाप घेत निवांत हिंडत असतो, तबलेवाला वाट बघत असतो, मीही. मग तो मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतो, सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा येते आणि माझी मान हलते. तिच्यावर माझा ताबा नाही.

परवा नेमकं त्याच क्षणी समोर उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, "काका, कुर्ला?" म्हणजे कुर्ल्याला उतरून सीट सोडणार का.

मान हलली. त्याने लगेच माझ्या गुडघ्यांमध्ये पाय रोवला आणि मागच्याला सांगितलं, "हे कुर्ला." कुर्ला आलं, गेलं. मी जागचा हललो नाही.

"मग मान कशाला हलवली?"

"सम आली होती."

"कोण आलं होतं?"

पुढे सीएसएमटीपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात शेजारच्या डब्यातल्या भजनी मंडळाने टाळ काढले आणि माझ्या विलंबिताचं कंबरडं मोडलं.

जुन्या लोकांचं बरं होतं असं कधी कधी वाटतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. कांजूर ते भांडुप, राग पुरा! १९३७ साली पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली म्हणून खाँसाहेब सिंगपेरुमाळकोईलला गाडीतून उतरले आणि त्या फलाटावरच गेले. शेवटच्या घडीला दरबारी रागाच्या सुरात कलमा म्हणत होते, असं सांगतात. फलाटावर माझा कधी साधा षड्जही, म्हणजे सा, लागलेला नाही, नुसता "अहो, आत सरका" लागतो.

संध्याकाळी मारवा. सूर्यास्ताचा राग. पंचम (प) वर्ज्य, षड्जावर टेकायला गायक लवकर तयार नाही, सारखा कोमल रिषभाशी (रे) घुटमळणार. सव्वासहाच्या गाडीत दांड्याला लटकून मारवा ऐकला की कळतं, हा राग बांधणाऱ्यालासुद्धा बसायला जागा नसणार.

काल मात्र विंडो मिळाली. शेजारच्या गृहस्थांनी वायरकडे बघून विचारलं, "मॅच?" मी इअरफोनचं एक बोंड त्यांच्या कानात दिलं. त्यांनी दोन मिनिटं चेहरा गंभीर ठेवला.

"सुरू कधी होणार?"

"झालंय."

"हो का." पुन्हा गंभीर. विक्रोळी गेलं. तेवढ्यात तबल्याने अंग झाडलं, मुखडा उचलला गेला, मी बोटाने त्यांच्या गुडघ्यावर मात्रा मोजल्या. दहा, अकरा, बारा, आणि समेवर आमच्या दोघांच्या माना एकदम हलल्या. ते चक्क हसले.

समोर उभ्या पोराने सॅक पुढे घेतली आणि मागच्याला हाक मारली, "ये रे, हे दोघं ठाणे."