'इटॅलिक म्हणजे नुसती तिरपी अक्षरं' हे बरोबर नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात इंग्लिश शिकवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरालाय. इटॅलिक म्हणजे नुसती तिरपी केलेली अक्षरं, त्यामुळे डिक्शनरीतली उच्चारांची चिन्हं, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, तिरपी छापली तरी काही बिघडत नाही, कंप्युटरात प्रत्येक चिन्हाचा कोड वेगळा असतोय, राहिलं ते संदर्भावरून कळतं, आणि मोठ्या डिक्शनऱ्याही इटॅलिक वापरतातच की, असं त्यात आहे. लिहिणाऱ्या सरांबद्दल आदर आहे, खरं यातलं एकही कारण टिकत नाही, आणि याच समजुतीने छापलेल्या नोट्स मी गेल्या वर्षी पोरांना वाटल्यात म्हणून एवढं लिहायला बसलोय.

तिरपं म्हणजेच इटॅलिक हे आपल्याला पटकन पटतं कारण देवनागरीत तसंच होतंय. मराठी ओळ सिलेक्ट करून इटॅलिकचं बटण दाबलं की अक्षर तेच राहतं, नुसतं कलतं. रोमन लिपीत इटॅलिक हे वेगळं वळणच आहे, हाताच्या लिखाणावरून घेतलेलं, व्हेनिसच्या आल्डुस मानुटिउस या छापखानेवाल्याने १५०१ साली त्या टायपात अख्खं पुस्तक छापलं तिथपासूनचं. टाइम्स न्यू रोमनमध्ये छोटा ए टाइप करून बघा. सरळ असतोय तेव्हा दुमजली, खाली पोट आणि वर वाकलेलं डोकं. इटॅलिक केला की डोकं गायब, आपण पाटीवर काढायचो तसा एकमजली. रशियन त तर इटॅलिकमध्ये इंग्रजी एमसारखा दिसतो, त्याला तिरपं कोण म्हणेल?

आता ध्वनिलिपीत दुमजली ए आणि एकमजली ए ही दोन वेगळी चिन्हं आहेत, पहिल्यात जीभ पुढे, दुसऱ्यात मागे. काही ब्रिटिश कोशांत 'हॅट'चा स्वर दुमजली ए ने दाखवतात आणि अमेरिकन 'हॉट'चा एकमजली ए ने, दोन्ही इटॅलिक करा, टोपी आणि गरम एकच. कुणी म्हणतील आम्ही करून बघितलं, फरक दिसला नाही. एरियलमध्ये बघितलं असेल, त्याचं इटॅलिक खरोखरच कललेलं सरळ अक्षर आहे. किंवा डूलोस नावाच्या फाँटात, त्याला इटॅलिकच नाही, कंप्युटर स्वतःच अक्षर वाकवून दाखवतो.

ए चं सोडा, आपली अक्षरंच बघा. ध्वनिलिपीत मराठी व चं चिन्ह म्हणजे बुडाशी गोलाई असलेला व्ही, आणि बऱ्याच इटॅलिक फाँटांत साधा व्हीसुद्धा बुडाशी गोलच असतोय, मग इंग्रजी व्ही आणि आपला व यातला जो फरक मी महिनाभर ओठ दाखवून शिकवतो तो कागदावर उरतच नाही. एन च्या उजव्या पायाला बाहेर वळलेला आकडा लावला की ण, त्याच पायाचा आकडा आत वळला की ङ, डाव्या पायाला डावीकडे लावला की ञ. इटॅलिक एन च्या पायाला तशीही शेपटी असते, त्यात खान आणि खाण बारीक टायपात कसं ओळखायचं? एल चंही तेच, आकडा लावला की ळ. कन्नडमध्ये हळ्ळि म्हणजे खेडं आणि हल्लि म्हणजे पाल, आणि आमच्याकडे निम्म्या गावांच्या नावात हळ्ळी आहे.

कोडचं म्हणाल तर साध्या ए चा ००६१ आणि एकमजलीचा ०२५१, हे बरोबर. खरं खडेबाजारात झेरॉक्स काढलेल्या कागदावर कोड येत नाही, तिथे पोराचे डोळे असतात.

संदर्भावरून कळतं हे सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, फिजिक्समध्ये चालतं, वेगाचा व्ही आणि फ्रिक्वेन्सीचा ग्रीक न्यू अगदी सारखे दिसले तरी सूत्र पाठ असतंय म्हणून निभावतं. उच्चार बघायला डिक्शनरी उघडणाऱ्याला तो शब्द कसा म्हणायचा हेच माहीत नसतंय, तो संदर्भ कुठनं आणणार?

आणि मोठ्या डिक्शनऱ्या. लाँगमनच्या उच्चारकोशात इटॅलिक चिन्हं आहेत, बरोबर, पण तिथे इटॅलिकचा अर्थ 'हा ध्वनी काही वेळा गाळतात' असा आहे. म्हणजे तिथे ते सजावट नव्हे, सूचना आहे, आणि आपण सगळंच तिरपं केलं तर ती सूचना देताच येणार नाही. भाषाशास्त्रात शब्द इटॅलिकमध्ये आणि त्याचा उच्चार दोन तिरप्या रेघांत सरळ अक्षरांत, अशीच रीत आहे. रेघा असताना आणखी उठावदार करायची गरज काय?

अगदीच तिरपं पाहिजे असेल तर चॅरिस नाहीतर जेंटियम हे फाँट घ्या, त्यांच्यात इटॅलिकमध्येही ए दुमजली ठेवायची सोय आहे, ती मुद्दाम चालू करायला लागते. मी आता उच्चार सरळच छापायला सांगतो. गेल्या वर्षीच्या नोट्स ज्या पोरांकडे आहेत त्यांना रविवारी बोलावलंय, लाल पेनाने डोकी आणि आकडे आम्ही हाताने जोडणार आहोत.