आकडे आहेत, पण वाडीचे नाहीत

एका लेखात वाचलं की गावपातळीवरची आकडेवारी सामान्य माणसाला मिळतच नाही. अर्धंच पटलं. २०११ च्या जनगणनेची जिल्हा जनगणना पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट आहे. त्यात गावागणिक घरं, लोकसंख्या, साक्षर, शेतकरी, शेतमजूर, सगळं आहे. तालुक्याचं चित्र हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघा. पिकं, सिंचन, बँका, शाळा एकाच ठिकाणी. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. जनगणनेचं एकक म्हणजे महसुली गाव, म्हणजे सरकारी जमीन-महसुलाच्या नोंदीतलं गाव. आमच्या कोकणात एका गावात सात-आठ वाड्या, आणि धनगरवाडा डोंगरावर वेगळाच. पुस्तिकेत सगळ्यांची एकच ओळ! गावात नळ आहे अशी नोंद दिसते, वर धनगरवाड्यावर हंडे वाहणाऱ्या बायका त्यात कुठेच नाहीत.

'काम करणारे' हा रकानाही जपून वाचा. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य', कमी असेल तर 'सीमांतिक'. भातलावणी, कापणी, काजू वेचणं करणारी आमची काकू या हिशेबात कुठे बसते? प्रगणकाने (घरोघरी येऊन जनगणनेची माहिती भरणाऱ्याने) विचारलं तर घरातले पुरुष सांगणार, "ती घरीच असते."

आता २०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारात आला की काकूलाच पुढे बसवणार आहे.