बायोप्सीने गाठ चवताळत नाही

मावशीच्या फोनवर फिरत आलेला निरोप काल वाचला. ‘गुदद्वाराजवळची गाठ म्हणजे मूळव्याधच. बायोप्सी करू देऊ नका, गाठ चवताळते. लेप लावा, आपोआप गळून पडेल. कर्करोग फक्त वाईट चालीच्या माणसांना होतो, आणि झालाच तर जन्मभर पोटावर पिशवी.’ हे वाचून तिने तपासणीची वेळ रद्द केली. माझा संताप त्याचाच आहे.

तिथल्या बऱ्याच गाठी मूळव्याधीच्याच निघतात, एवढं मान्य. पण ‘बऱ्याच’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे.

सगळ्यात घातक सल्ला बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, टाळण्याचा. एचपीव्ही या मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे तिथे चामखिळी येतात. क्वचित त्या वाढत जाऊन फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी मोठी गाठ होते. तिला बुश्के-लोवेनस्टाइन ट्यूमर म्हणतात. ती आजूबाजूचं मांस पोखरत जाते आणि काही वेळा तिच्या आत खरा कर्करोग दडलेला असतो. वरवरचा एकच तुकडा तपासला तर तो निसटू शकतो, म्हणून डॉक्टर अनेक ठिकाणांहून खोलवरचे तुकडे घेतात आणि एमआरआय करून गाठ किती आत गेली ते पाहतात. बायोप्सीने कर्करोग जन्माला येत नाही, असलेला सापडतो. लेपाने मात्र वरची कातडी जळू शकते, आतलं तसंच वाढत राहतं, आणि जखमेमुळे पुढची तपासणीही अवघड होऊ शकते. ही गाठ पूर्ण कापून काढावी लागते. नंतरही ती परत येते का, यावर लक्ष ठेवावं लागतं.

पिशवीची भीती एके काळी खरी होती. तेव्हा गुदद्वारच कापून काढत आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावत. 1974मध्ये अमेरिकी शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांनी केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र दिल्यावर काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोग उरलाच नसल्याचं दाखवलं. गुदद्वाराच्या नेहमीच्या, म्हणजे स्क्वेमस (चपट्या पेशींच्या) कर्करोगावर आज बहुतेकांना पहिला उपचार तोच देतात. पिशवी लागते ती मुख्यतः त्याने भागलं नाही किंवा रोग उलटला तर.

आणि ‘वाईट चाल’? या कर्करोगांपैकी 10तले साधारण 9 एचपीव्हीशी जोडलेले असतात, आणि तो विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी तरी गाठतोच. स्त्रियांमध्ये हा कर्करोग पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. लाजेपोटी दुखणं लपवणाऱ्यांत आमची मावशीही होती.

वेळेवर पाहिल्याने काय होतं, याचा पुरावा 2022मध्ये आला. अँकर नावाच्या वैद्यकीय चाचणीत एचआयव्ही असलेल्या, 35 वर्षांवरच्या 4,400हून अधिक लोकांमध्ये कर्करोगाच्या आधीचे गंभीर बदल सापडले होते. ज्यांच्यावर लगेच उपचार झाले, त्यांच्यात कर्करोगाचं प्रमाण नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांपेक्षा 57 टक्क्यांनी कमी निघालं.

मावशीची वेळ मी पुन्हा घेतली आहे. सोबत मी जाणार आहे.